राउटरवर साइट ब्लॉक केली, तरी अधूनमधून उघडते: नेमकं कुठून निसटतं ते कसं शोधायचं

राउटरच्या यादीत साइटचं नाव टाकलं, सेव्ह केलं, उघडून पाहिलं तर बंद. दुसऱ्या दिवशी तीच साइट एका फोनवर बिनदिक्कत चालू. राउटर बंद-चालू केला की पुन्हा बंद, आणि थोड्या वेळाने पुन्हा ये रे माझ्या मागल्या. राउटरवरच्या फिल्टरची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “कधी चालतं, कधी नाही.”

यावर बरेच जण यादी वाढवत नेतात. आधी नुसतं नाव, मग पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, मग त्याचीच आणखी चार रूपं. हा वेळ बहुधा वाया जातो. नियमच चुकला असता तर साइट एकदाही बंद झाली नसती. एकदा बंद होते आणि नंतर उघडते, म्हणजे नियम ठीक आहे, पण दुसऱ्या खेपेला ती मागणी त्या नियमापाशी पोचलीच नाही. म्हणून यादीला हात लावण्याआधी एवढंच शोधायचं, की या खेपेला त्या फोनला साइटचा पत्ता दिला कोणी?

राउटरला दिसतं तरी काय

बाजारातल्या राउटरांत “यूआरएल फिल्टर”, “कीवर्ड ब्लॉकिंग”, “पेरेंटल कंट्रोल”, “ॲक्सेस कंट्रोल” अशी नावं सापडतात. नावांवर जाऊ नका. आत काम करण्याच्या मोजक्याच पद्धती असतात.

जुनी पद्धत म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता वाचून त्यातला शब्द पकडणं. साधं एचटीटीपी होतं, पोर्ट ८० (पोर्ट म्हणजे प्रत्येक प्रकारच्या रहदारीच्या दाराचा क्रमांक), तेव्हा हे जमायचं. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर चालतं, पोर्ट ४४३, आणि त्यात पत्त्याचा डोमेननंतरचा भाग कूटबद्ध असतो. “अमुक साइट चालू राहू दे, पण तिचं तमुक पान बंद कर” ही मागणी साध्या राउटरला पुरी करता येत नाही, कारण कोणतं पान मागितलं हे त्याला दिसतच नाही. त्यासाठी प्रत्येक उपकरणावर वेगळं प्रमाणपत्र बसवून मधल्या मध्ये सगळी रहदारी उलगडावी लागते. घरगुती जाळ्यावर मी तरी तो उद्योग कुणाला सुचवणार नाही.

दुसरी पद्धत जोडणी सुरू होताना दिसणाऱ्या साइटच्या नावावर चालते. एचटीटीपीएसची ओळखपाळख होताना ब्राउझर “मला अमुक साइट हवी” हे उघड सांगतो. याला एसएनआय म्हणतात. राउटर तेवढं वाचतो आणि जोडणी तोडतो.

तिसरी, आणि सगळ्यांत जास्त वापरातली, म्हणजे डीएनएस. साइटच्या नावावरून आयपी पत्ता, म्हणजे तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, सांगणारी ही सेवा. राउटर किंवा फिल्टर करणारा डीएनएस सर्व्हर खरा पत्ता सांगायचं टाळतो, एकतर ०.०.०.० देतो, किंवा असं नावच अस्तित्वात नाही म्हणतो. हे सोपं, हलकं आणि सगळ्या उपकरणांना एकदम लागू होणारं आहे. कच्चा दुवा एवढाच, की उपकरणाने पत्ता राउटरलाच विचारला पाहिजे. दुसऱ्या कुणाला विचारून आलं, तर राउटरच्या यादीत हजार नावं असली तरी पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, अशी गत.

चौथी पद्धत आयपी पत्ताच अडवण्याची. ती मोठ्या साइटसाठी विसरून जा. एकाच सीडीएनच्या, म्हणजे अनेक साइटचा मजकूर वाटणाऱ्या सामायिक सर्व्हरजाळ्याच्या, एका पत्त्यावर असंख्य साइट बसलेल्या असतात आणि पत्ते बदलत राहतात. नको ती साइट चालू राहते आणि भलत्याच बंद पडतात.

आधी तपासणी, मग उपाय

जिथे साइट उघडते आहे त्याच उपकरणावर तपासायचं. दुसऱ्या लॅपटॉपवर तपासून काहीही कळत नाही. संगणक असेल तर कमांडची खिडकी उघडून एनएसलुकअप आणि पुढे साइटचं नाव टाका. उत्तराच्या वरच्या दोन ओळींत सर्व्हरचं नाव आणि पत्ता येतो: पत्ता कोणी सांगितला ते. खाली साइटचे आयपी पत्ते येतात: काय सांगितलं ते. बहुतेक जण थेट खालचा भाग वाचतात. खरी माहिती वरच्या दोन ओळींत असते.

समजा वर १९२.१६८.१.१ आहे, म्हणजे तुमचा राउटर, आणि खाली ०.०.०.० आहे. म्हणजे फिल्टर चोख काम करतो आहे. तरीही ब्राउझरमध्ये साइट उघडते? मग ब्राउझर स्वतःच्या वेगळ्या वाटेने पत्ता विचारतो आहे, किंवा आधीचा पत्ता लक्षात ठेवून बसला आहे.

समजा वर राउटर आहे, पण खाली खरा पत्ता आला. मग राउटरच पुढे भलत्या सर्व्हरला विचारतो आहे, किंवा नियम त्या उपकरणाला लागूच नाही.

समजा वर राउटरऐवजी तिसराच पत्ता दिसतो, गूगलच्या ८.८.८.८ सारखा किंवा अपूर्णविरामांनी भरलेला लांबलचक आयपीव्ही६ पत्ता (चार आकड्यांच्या जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांची नवी पद्धत). चोर तिथेच सापडला.

खाली दोन पत्ते आले, एक ०.०.०.० आणि दुसरा लांबलचक खरा आयपीव्ही६ पत्ता, तर फिल्टरने अर्धंच काम केलं. आयपीव्ही४चं उत्तर दाबलं, आयपीव्ही६चं सोडलं. ब्राउझरला एक वाट पुरते.

फोनवर एनएसलुकअप नसतं, पण वायफाय जोडणीच्या तपशिलात डीएनएसचा पत्ता दिसतो. तिथे राउटरचाच पत्ता आहे ना, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. आयफोनवर त्याच पानावर डीएनएस “ऑटोमॅटिक” आहे की “मॅन्युअल” तेही दिसतं. मॅन्युअल असेल तर कुणीतरी हाताने बदललं आहे, आणि बहुधा ते कोण हे तुम्हाला ठाऊक असतं.

“राखीव” डीएनएस राखीव नसतो

“कधी चालतं, कधी नाही” याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत मोठं कारण हे. राउटरमध्ये डीएनएससाठी दोन रकाने असतात. पहिल्यात लोक फिल्टर करणारा सर्व्हर टाकतात, उदाहरणार्थ क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३, आणि दुसऱ्यात “पहिला बंद पडला तर असू दे” म्हणून ८.८.८.८. दुसरा सर्व्हर फक्त अडीअडचणीला वापरला जातो, अशी समजूत.

असा काही करार नाही. कोणती प्रणाली दोनांपैकी कुणाला कधी विचारेल, हे तिचं तिने ठरवलेलं असतं. काही पहिल्याकडून उत्तराला उशीर झाला की दुसऱ्याकडे वळतात आणि मग तिथेच रमतात. अनेक राउटरांत डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो मुळात क्रम पाळायला बांधलेला नाही, जो सर्व्हर जागा आहे आणि उत्तर देतो आहे त्याच्याकडे जातो. ८.८.८.८ काही अडवत नाही. त्याच्याकडे प्रश्न गेला की साइट उघडली.

दोन्ही रकान्यांत एकाच फिल्टर सेवेचे दोन पत्ते हवेत. क्लाउडफ्लेअरची कुटुंबासाठीची सेवा २०२०मध्ये सुरू झाली. तिचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३, हे घातक आणि प्रौढ दोन्ही प्रकारच्या साइट अडवतात. फक्त घातक साइट अडवायच्या तर १.१.१.२ आणि १.०.०.२. ओपनडीएनएस फॅमिलीशील्डचे २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. क्लीनब्राउझिंगच्या फॅमिली फिल्टरचे १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. एक क्लाउडफ्लेअरचा आणि एक ओपनडीएनएसचा अशी मोट बांधू नका. दोघांच्या याद्या वेगळ्या, मग एखादी साइट सकाळी बंद आणि दुपारी चालू दिसली की कारण शोधत बसाल.

याच रकान्यांत आणखी एक गफलत होते. राउटरमध्ये डीएनएस दोन ठिकाणी लिहिता येतो: बाहेरच्या जोडणीच्या पानावर, म्हणजे वॅनमध्ये, आणि आतल्या डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर, म्हणजे लॅनमध्ये. वॅनमध्ये लिहिला तर उपकरणं राउटरला विचारतात आणि राउटर पुढे विचारतो. लॅनमध्ये लिहिला तर उपकरणांना तोच पत्ता वाटला जातो आणि ती राउटरला वळसा घालून थेट बाहेर विचारतात. तुमची स्वतःची यादी राउटरच्या डीएनएसवर अवलंबून असेल आणि तुम्ही लॅनमध्ये १.१.१.३ लिहिला, तर प्रौढ साइट बंद राहतील, पण तुम्ही हाताने टाकलेली नावं खुशाल उघडतील. “मोठी यादी चालते, माझी चालत नाही” अशी तक्रार आली की मी आधी हेच पान उघडायला सांगतो. लॅनच्या डीएचसीपीत डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता ठेवा आणि फिल्टरचे पत्ते वॅनमध्ये लिहा.

बदल केल्यावर जुना डीएनएस उपकरणांकडे राहतोच, डीएचसीपीची मुदत संपेपर्यंत. वायफाय बंद-चालू करा, मगच तपासा.

आयपीव्ही६ची मोकळी वाट

इंटरनेट पुरवणाऱ्याने आयपीव्ही६ सुरू केलं की अनेकांचा फिल्टर एका रात्रीत ढेपाळतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण राउटरमध्ये कुणी काही बदललेलं नसतं. होतं असं, की राउटर आयपीव्ही६साठी उपकरणांना डीएनएसचा वेगळा पत्ता जाहीर करतो, आणि तो बहुधा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरचा असतो. तुम्ही १.१.१.३ लिहिलंत ते आयपीव्ही४च्या पानावर. उपकरणाकडे आता दोन प्रकारचे पत्ते आहेत आणि ते हवा तो वापरतं.

खात्री करायची तर राउटरमध्ये आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून पाहा. साइट लगेच बंद झाली तर निदान पक्कं. पण ते कायमचं बंद ठेवणं हा आळशी इलाज झाला. आयपीव्ही६च्या पानावरच्या डीएनएसच्या रकान्यातही फिल्टर सेवेचे पत्ते भरा. क्लाउडफ्लेअरच्या कुटुंब सेवेचे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३. काही राउटरांत हा रकानाच नसतो. मग मात्र आयपीव्ही६ बंद ठेवणं किंवा राउटर बदलणं, एवढेच पर्याय उरतात.

ब्राउझर आणि फोन परस्पर विचारतात तेव्हा

डीएनएस पूर्वी पोर्ट ५३वर उघडाउघड चालायचं. आता त्याचे कूटबद्ध प्रकार आहेत. डीएनएस ओव्हर टीएलएस, म्हणजे डीओटी, २०१६मध्ये प्रमाणित झालं आणि ८५३ या स्वतंत्र पोर्टवर चालतं. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, म्हणजे डीओएच, २०१८मध्ये आलं आणि ते ४४३वरच चालतं, बाकी सगळ्या वेबसारखंच. पहिलं ओळखता येतं, दुसरं गर्दीत मिसळून जातं. खासगीपणासाठी दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, हेही सांगायला हवं. तुमच्या फिल्टरची गैरसोय करायला कुणी त्या बनवलेल्या नाहीत.

अँड्रॉइडमध्ये ९व्या आवृत्तीपासून “प्रायव्हेट डीएनएस” आहे आणि ते मुख्यतः डीओटी वापरतं. ते “ऑटोमॅटिक”वर असेल तर फोन जाळ्याने दिलेल्या सर्व्हरशीच कूटबद्ध बोलून पाहतो. फिल्टरला त्याचा त्रास नाही. तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव लिहिलेलं असेल तर फोन फक्त त्यालाच विचारतो. राउटरवर बाहेर जाणारा पोर्ट ८५३ अडवा, टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही. त्यानंतर असा फोन बहुधा “वायफायला इंटरनेट नाही” म्हणून कुरकुर करेल. ती तक्रार आली म्हणजे अडवणूक लागू झाली असं समजा, आणि त्या फोनवरचं प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा.

डीओएचचं प्रकरण किचकट. क्रोममधली सोय मुळात जाळ्याचाच सर्व्हर डीओएच देत असेल तर त्याच्याशीच जोडते, म्हणून ती न छेडता ठेवली असेल तर सहसा अडचण येत नाही. कुणी सेटिंगमध्ये जाऊन “सिक्युअर डीएनएस”साठी दुसरी सेवा निवडली की येते. फायरफॉक्स काही देशांत डीओएच आपणहून चालू करतो, पण त्याने जाळं चालवणाऱ्यांसाठी एक खूण ठेवली आहे. यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट हे नाव विचारल्यावर तुमच्या डीएनएसने “असं नावच नाही” असं उत्तर दिलं, तर फायरफॉक्स आपणहून चालू केलेलं डीओएच मागे घेतो. वापरणाऱ्याने हाताने चालू केलं असेल तर तो ही खूण मानत नाही.

ॲपलच्या आयक्लाउड प्रायव्हेट रिलेचंही असंच. २०२१पासून आयक्लाउड प्लसचे पैसे भरणाऱ्यांच्या सफारीतली रहदारी त्या मार्गाने जाऊ शकते आणि राउटरला साइटचं नावही दिसत नाही. मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम या दोन नावांना डीएनएसमध्ये “नाही” असं उत्तर द्या. उत्तरच न देता गप्प बसणारा नियम लावू नका. फोन वाट पाहत राहतो आणि सगळंच मंदावतं. या जाळ्यावर रिले चालत नाही अशी सूचना मग फोनवर दिसते.

उरलेल्या डीओएच सेवांसाठी त्यांच्या सर्व्हरची ज्ञात नावं अडवायची: डीएनएस डॉट गूगल, क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम, डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट वगैरे. ही यादी कधीच पुरी होत नाही. नव्वद टक्के बंद झालं की थांबावं, असं माझं मत. उरलेल्या दहांसाठी उपकरणावरच बंदोबस्त लागतो.

हाताने बदललेला डीएनएस आणि हट्टी उपकरणं

कुणी लॅपटॉपवर ८.८.८.८ लिहिलं, किंवा टीव्हीला जोडायच्या एखाद्या उपकरणात तो पत्ता कारखान्यातूनच कोरलेला आला, तर डीएचसीपीने काही वाटलं तरी उपयोग नाही. इथे राउटरच्या फायरवॉलमध्ये असा नियम लागतो की आतून बाहेर पोर्ट ५३वर जाणारी प्रत्येक मागणी, टीसीपी असो वा यूडीपी, राउटरच्याच डीएनएसकडे वळवायची. ओपनडब्ल्यूआरटी आणि पीएफसेन्स या राउटरवर चालणाऱ्या मुक्त प्रणालींत हे नीट करता येतं. असूसच्या बऱ्याच राउटरांत “डीएनएस डायरेक्टर” नावाने तयार सोय आहे. साध्या राउटरांत वळवणं नसलं तरी बाहेर जाणारा पोर्ट ५३ अडवता येतो. मग हट्टी उपकरणाला उत्तरच मिळत नाही. बहुतेक उपकरणं नाइलाजाने राउटरकडे येतात, एखादं चालायचंच थांबतं.

पायहोल किंवा ॲडगार्ड होमसारखा फिल्टर आतल्याच एखाद्या छोट्या संगणकावर चालवत असाल तर त्या संगणकाचा पत्ता या नियमातून वगळा. नाहीतर त्याने बाहेर विचारलेला प्रश्न फिरून त्याच्याकडेच येतो आणि सगळ्यांचं इंटरनेट एकदम बंद.

वळवणं लागू झालं का, हे तपासायची सोपी युक्ती: एनएसलुकअप, साइटचं नाव, आणि शेवटी ८.८.८.८ असं लिहा, म्हणजे “मुद्दाम गूगललाच विचार”. तरीही ०.०.०.० आलं, तर नियम बसला.

डीएनएस नीट आहे, तरी साइट उघडते

तुमचा राउटर एसएनआय वाचून अडवणारा असेल तर क्विककडे पाहा. क्विक ही जोडणीची नवी पद्धत, वेबची एचटीटीपी/३ ही आवृत्ती तिच्यावर चालते, आणि ती टीसीपी सोडून यूडीपी ४४३ वापरते. बरेच जुने फिल्टर फक्त टीसीपी ४४३कडे पाहतात. एकाच संगणकावर एका ब्राउझरमध्ये साइट बंद आणि दुसऱ्यात चालू असेल तर हा संशय पहिला घ्या. बाहेर जाणारा यूडीपी ४४३ अडवला की ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतात. वापरणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो. २०२३पासून मोठ्या ब्राउझरांत एसएनआयच कूटबद्ध करणारं ईसीएच आलं आहे. त्याची किल्लीही डीएनएसमधूनच मिळते, म्हणून डीएनएस तुमच्या ताब्यात असेल तर तेही बऱ्यापैकी ताब्यात राहतं.

ॲप ही वेगळी डोकेदुखी. साइट बंद होते, ॲप चालतं, कारण ॲप त्या नावाला विचारतच नाही. यूट्यूबचं उदाहरण घ्या. यूट्यूब डॉट कॉम अडवलं तरी ॲप यूट्यूबआय डॉट गूगलएपीआयज डॉट कॉमशी बोलतं, चित्रफिती गूगलव्हिडिओ डॉट कॉमवरून येतात, छोटी चित्रं वायटीआयएमजी डॉट कॉमवरून. पायहोलसारख्या साधनात प्रश्नांची नोंदवही असते. ती उघडी ठेवून ॲप चालू करा आणि त्या क्षणी कोणती नावं विचारली गेली ते वाचा. पण हाताशी आलं म्हणून गूगलएपीआयज डॉट कॉम अख्खं अडवू नका. त्यावर भलतीच दहा कामं चालतात.

अडवायचं नसेल, फक्त गाळायचं असेल, तर डीएनएसमधूनच गूगल शोधाला फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉमकडे आणि यूट्यूबला रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉमकडे वळवता येतं. शाळांमध्ये हा मार्ग सर्रास वापरतात.

नुकताच नियम लावला आणि साइट तरीही चालू, तर ती जुनी जोडणी असू शकते. अनेक राउटर आधीपासून चालू असलेली जोडणी तोडत नाहीत, फक्त नवीन अडवतात. ब्राउझर पूर्ण बंद करा. विंडोजवर कमांडच्या खिडकीत ipconfig /flushdns हा आदेश द्या, म्हणजे साठवलेले पत्ते पुसले जातात. राउटर एकदा बंद-चालू केलात तर सगळ्याच जुन्या जोडण्या तुटतात.

एकाच फोनला नियम लागत नाही

नियम “या फोनसाठी” असा लावला असेल, तर राउटर फोनला मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या वायफाय यंत्रणेच्या ओळख क्रमांकावरून, ओळखतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. वायफाय “विसरून” पुन्हा जोडलं किंवा फोन रिसेट केला की तो बदलू शकतो, आणि मग राउटरच्या लेखी तो नवाच पाहुणा असतो, त्याला नियम कुठला?

ओळखायचं कसं, तर राउटरच्या उपकरणांच्या यादीत मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर पाहा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नाही, फोनने बनवलेला आहे. ५ए ने सुरू होणारा पत्ता बनावट, ५८ ने सुरू होणारा खरा. त्या वायफायपुरता “प्रायव्हेट ॲड्रेस” बंद करा आणि नियम खऱ्या पत्त्यावर लावा. त्याहून भक्कम म्हणजे उलटा डाव: अनोळखी प्रत्येक उपकरणाला कडक नियम, आणि ज्यांना मोकळीक द्यायची त्यांचीच नावं यादीत. मग पत्ता बदलून काही साधत नाही.

वायफायचा पल्ला वाढवणारे काही रिपीटर त्यांच्यामागच्या सगळ्या उपकरणांना स्वतःचाच मॅक पत्ता लावून पुढे पाठवतात. मागच्या खोलीत नियम लागत नाही आणि पुढच्या खोलीत लागतो, तर रिपीटर तपासा. गेस्ट नेटवर्कवर पेरेंटल कंट्रोल लागू न होणारेही राउटर आहेत. आणि पुरवणाऱ्याने दिलेल्या यंत्राचं स्वतःचं वायफाय चालू असेल, तर तुमच्या राउटरला ओलांडून लोक त्याच्यावर जोडले जातात. ते वायफाय बंद करा.

वेळेचे नियम चुकत असतील

“रात्री दहानंतर बंद” हा नियम भलत्याच वेळी लागत असेल, तर राउटरचं घड्याळ पाहा. घरगुती राउटरांत बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ हरवते आणि इंटरनेटवरून एनटीपीने ती परत मिळेपर्यंत राउटर १९७०मध्ये किंवा फर्मवेअरच्या (त्याच्या आतल्या प्रणालीच्या) तारखेत वावरतो. टाइमझोन निवडला नसेल तर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. रात्री दहा ते सकाळी सहा असा मध्यरात्र ओलांडणारा नियम काही राउटरांना पचत नाही. दहा ते अकरा एकोणसाठ आणि बारा ते सहा असे दोन करा.

सगळी सेटिंग आपोआप जाते

काही यंत्रांत “सेव्ह” आणि “अप्लाय” वेगळी बटणं असतात. दुसरं दाबलं नाही तर बदल पुढच्या रीस्टार्टला उडतो. फर्मवेअर अद्ययावत झाल्यावर काही राउटर मूळ सेटिंगवर जातात. पुरवणाऱ्याने दिलेल्या यंत्रात टीआर-०६९ नावाची दूरनियंत्रणाची सोय असते, आणि तिच्यातून पुरवणारा डीएनएस परत आपला करू शकतो. अशा यंत्राशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला ब्रिज मोडवर (फक्त जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकून मागे स्वतःचा राउटर लावणं सोपं. आणि रिसेटचं बारीक भोक कुणाच्या हाताला लागेल अशा जागी राउटर ठेवलात तर वरचं काहीच टिकणार नाही. ॲडमिन पासवर्ड मूळचाच असेल तर त्या भोकात घालायच्या टाचणीचीही गरज पडत नाही.

कीवर्डचा मोह

कीवर्ड फिल्टर चालू करायचा मोह झाला तर शब्द लांब आणि नेमका घ्या. १९९६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात एक असभ्य इंग्रजी शब्द दडला होता. तीन-चार अक्षरांचा शब्द टाकलात की तुमच्या राउटरवरही तेच होणार.

राउटरच्या रकान्यात पत्त्यापुढचं एचटीटीपीएस, तिरक्या रेघा वगैरे काही लिहू नका, फक्त डोमेन. अडवलेली साइट उघडताना “ही साइट ब्लॉक आहे” असं नीटस पान न येता “जोडणी खासगी नाही” असा इशारा आला, तर काही बिघडलेलं नाही; त्या साइटचं प्रमाणपत्र राउटरकडे असू शकत नाही, म्हणून एचटीटीपीएसवर त्याला आपलं पान दाखवता येत नाही. व्हीपीएन आणि फोनचा मोबाइल डेटा यांच्यापुढे राउटर हतबल आहे. तिथे लागतं ते उपकरणावरचं कौटुंबिक नियंत्रण, गूगलचं फॅमिली लिंक किंवा ॲपलचं स्क्रीन टाइम, आणि ते राउटरशी भांडत नाही; दोन्ही एकत्र चालवा.